तपासणीच्या रांगेत पुरुष शेवटी का? व्हेरिकोसील, विमा कायदा आणि म्युनिकमधील मराठी दांपत्ये

म्युनिक : अपत्यप्राप्तीसाठी वैद्यकीय मदत घेणाऱ्या बहुतेक मराठी दांपत्यांत दवाखान्याची पहिली पायरी पत्नी चढते. तिची संप्रेरके तपासली जातात, सोनोग्राफी होते, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहिले जाते. पतीचे वीर्य तपासण्याचा विषय निघेपर्यंत अनेकदा काही महिने गेलेले असतात, आणि त्याची प्रत्यक्ष शारीरिक तपासणी तर कित्येकदा होतच नाही. जर्मनीत राहणाऱ्या दांपत्यांना या विलंबाची किंमत जास्त मोजावी लागते, कारण येथील आरोग्यविम्याचा कायदा वयाच्या काटेकोर मर्यादांनी बांधलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. बारा महिने नियमित व असंरक्षित संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे, ही त्याची स्वीकृत व्याख्या आहे. अशा दांपत्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील घटक एकटा किंवा स्त्रीच्या अडचणीच्या जोडीने कारणीभूत असतो. पुरुषाकडील कारणांत दुरुस्त होऊ शकणारे सर्वांत सामान्य कारण कोणते, तर व्हेरिकोसील. जर्मन डॉक्टर याला ‘क्रांफआडरब्रुख’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर तो हर्नियाचा प्रकार वाटतो, पण प्रत्यक्षात हर्नियाशी त्याचा संबंध नाही.

विकार नेमका काय आहे?

पायांवरच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, तसेच वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या जाळ्याचे होते. शिरांतील झडपा नीट मिटत नाहीत, रक्त उलट दिशेने साचते आणि शिरा रुंदावतात. हा दोष बहुधा डाव्या बाजूला आढळतो. त्याचे कारण शरीररचनेत आहे. उजव्या वृषणाची शीर थेट महाशिरेला तिरकी मिळते, तर डावी शीर बरीच वर चढून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. लांब मार्ग आणि अवघड वळण यांमुळे तिच्यावर रक्ताचा दाब अधिक पडतो. म्हणूनच केवळ उजव्या बाजूला व्हेरिकोसील आढळले, तर पोटात शिरेवर दाब आणणारे दुसरे काही नाही ना, याची खात्री करून घेतात.

वृषणे शरीराबाहेर असण्यामागे निसर्गाचा हिशेब आहे. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. शिरांत साचलेले उबदार रक्त हे संतुलन बिघडवते. त्याबरोबर ऑक्सिजनचा पुरवठा कमी होतो, ऑक्सिडीकारक द्रव्यांचा ताण वाढतो आणि शुक्राणूंच्या डीएनएमध्ये तुटफूट होऊ शकते. संख्या, गती आणि आकार या तिन्ही अंगांनी गुणवत्ता घसरू शकते.

मात्र येथेच पहिली सावधगिरी आवश्यक आहे. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना व्हेरिकोसील असते आणि त्यांतील अनेकजण कोणत्याही उपचारांविना पिता होतात. वंध्यत्वासाठी तपासणीस आलेल्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. व्हेरिकोसील आणि वंध्यत्व यांचा संबंध आहे, हे या फरकावरून दिसते. पण व्हेरिकोसील सापडले म्हणजे कारण सापडले, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

अहवालातील आकड्यांचा अर्थ

वीर्यतपासणीचा कागद हाती आला की अभियंत्यांच्या या शहरात तो उत्पादनाच्या गुणवत्ता-अहवालासारखा वाचला जातो. मर्यादेच्या वर असला की उत्तीर्ण, खाली गेला की नापास. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा-पुस्तिकेची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिच्यातील संदर्भमूल्ये अशी : वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, घनता प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख, एकूण शुक्राणू ३ कोटी ९० लाख, एकूण गतिमानता ४२ टक्के, पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के.

ही मूल्ये आली कोठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत गर्भधारणा झाली, अशा पुरुषांची मोजणी करून त्यांच्यातील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची रेषा येथे घेतली आहे. म्हणजे या रेषेखाली असूनही पिता झालेले पुरुष त्याच अभ्यासात होते, आणि रेषेच्या वर असूनही अडचण येणारे पुरुष बाहेर पुष्कळ आहेत. ‘फक्त ४ टक्के योग्य आकार’ हा आकडा पाहून हादरणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की तो सामान्यत्वाचाच उंबरठा आहे. शिवाय ताप, झोपेचा अभाव, प्रवास किंवा तपासणीपूर्वीचा कमी-अधिक संयम यांनी आकडे हलतात. पहिला अहवाल बिघडलेला असेल तर काही आठवड्यांनी दुसरा घ्यावा, हा नियम म्हणूनच आहे.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने आणि पुढील प्रवासास आणखी काही दिवस लागतात. आज दिसणारा अहवाल तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराची स्थिती सांगतो. नियमित सॉना किंवा गरम पाण्याची कुंडे, म्हणजे बायर्नमधील हिवाळ्याचा लाडका विरंगुळा, शुक्राणूंची निर्मिती तात्पुरती मंदावू शकतात. तो बंद केल्यावरचा फरकही तीन महिन्यांनीच कळतो. व्यायामशाळेत घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मात्र अधिक घातक आहेत. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना दिला जाणारा आदेश थांबवतो आणि शुक्राणू जवळजवळ नाहीसे होऊ शकतात. पूरक गोळ्यांचा बाजार मोठा असला तरी पुरावा अशक्त आहे. जस्त आणि फोलिक आम्ल यांवर अमेरिकेत २,३७० दांपत्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ना वीर्याची गुणवत्ता सुधारली, ना जन्मलेल्या बालकांचे प्रमाण वाढले.

शस्त्रक्रियेवरून तीस वर्षांचा वाद

एडिंबरा येथील शल्यविशारद सेल्बी टलॉक यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी एका रुग्णाची नोंद केली. त्याच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर ते दिसू लागले आणि त्याच्या पत्नीला गर्भधारणा झाली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर वंध्यत्वाचा उपाय म्हणून रूढ झाली. तिला सर्वांत गंभीर आव्हान मात्र जर्मनीतूनच मिळाले.

म्युन्स्टर येथील एबरहार्ड नीश्लाग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दांपत्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटातील पुरुषांच्या शिरा बंद करण्यात आल्या, तर दुसऱ्या गटातील दांपत्यांना नियमित भेटी व समुपदेशन देण्यात आले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात गर्भधारणेचे प्रमाण पहिल्या गटात २९ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे २५ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य ठरला. वीर्याची घनता शस्त्रक्रियेने वाढली, पण पाळणा त्या प्रमाणात हलला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनेही प्रजननोपचार म्हणून ही शस्त्रक्रिया देऊ नये, असे सांगितले.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. या शस्त्रक्रियेविरुद्ध गेलेल्या जुन्या आढाव्यांत केवळ सोनोग्राफीत दिसणारे सूक्ष्म व्हेरिकोसील असलेले आणि मुळात वीर्य सामान्य असलेले पुरुषही मोजले गेले होते. ज्यांना लाभ होण्याची शक्यताच नव्हती त्यांना मोजल्यावर लाभ दिसणार कसा, हा आक्षेप योग्य होता. सौदी अरेबियातून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताला जाणवणारे व्हेरिकोसील आणि बिघडलेले वीर्य असणारेच पुरुष घेतले होते. तेथे शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिक गर्भधारणेचे प्रमाण ३२.९ टक्के, तर निव्वळ प्रतीक्षेत १३.९ टक्के आढळले. युरोपीय व अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटना आज त्याच दिशेने शिफारस करतात. व्हेरिकोसील हाताला जाणवणारे असावे, वीर्याचे अहवाल बिघडलेले असावेत, वंध्यत्वाचे दुसरे ठोस कारण नसावे आणि जोडीदार स्त्रीची प्रजननक्षमता चांगली असावी, अशा स्थितीत उपचार द्यावा. कोक्रेन संस्थेचा २०२१ चा आढावा लाभाची शक्यता मान्य करतो, पण पुराव्याची विश्वासार्हता कमी असल्याचेही बजावतो.

या वादातून सामान्य दांपत्याने घ्यायचे ते दोन निष्कर्ष. पहिला असा की, केवळ डॉपलर सोनोग्राफीत ‘सापडलेल्या’ व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया करून घेऊ नये. दुसरा असा की, उभे राहून झालेल्या साध्या हस्ततपासणीत स्पष्ट जाणवणारे व्हेरिकोसील आणि वारंवार बिघडलेला अहवाल एकत्र आले, तर उपचाराचा विचार न करता थेट प्रयोगशाळेतील गर्भधारणेकडे वळणेही शहाणपणाचे नाही.

कायद्याचे गणित

जर्मनीतील दांपत्यांच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा भेद येतो. सार्वजनिक आरोग्यविम्याच्या संहितेचे कलम २७ नेहमीच्या आजारांवरील उपचारांचे आहे. हरवलेली प्रजननक्षमता पुन्हा निर्माण करणारे उपचारही त्याच कलमात समाविष्ट आहेत. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेली व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया त्यामुळे इतर कोणत्याही शस्त्रक्रियेप्रमाणे विम्यात बसते. आयव्हीएफ किंवा इक्सी मात्र स्वतंत्र कलम २७-अ खाली येतात. त्यांचा खर्च २००४ पासून सार्वजनिक विमा किमान पातळीवर निम्माच उचलतो, तोही कमाल तीन प्रयत्नांपुरता. काही विमा संस्था स्वेच्छेने अधिक देतात. दांपत्य विवाहित हवे, बीज व शुक्राणू त्यांचेच हवेत, दोघांचेही वय पंचवीस पूर्ण हवे, पत्नीने चाळीस आणि पतीने पन्नास वर्षे पूर्ण केलेली नसावीत. उपचार सुरू होण्यापूर्वी उपचार-आराखडा विमा संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

सीमेन्स, बीएमडब्ल्यू, अलियान्झ अशा कंपन्यांत किंवा युरोपीय पेटंट कार्यालयाभोवतीच्या संस्थांत स्थिरावलेली मराठी दांपत्ये बहुधा तिशीच्या मध्यावर या प्रश्नाशी भिडतात. उच्च शिक्षण, पहिला व्हिसा, जोडीदाराचे येणे, तिची भाषा आणि नोकरी या पायऱ्या चढेपर्यंत ही वर्षे जातात. पत्नी सदतीस वर्षांची असताना पहिली भेट झाली, वर्ष तिच्याच तपासण्यांत गेले आणि त्यानंतर पतीचे व्हेरिकोसील सापडले, तर पेच उभा राहतो. शस्त्रक्रियेचा परिणाम दिसण्यास तीन ते सहा महिने, नैसर्गिक गर्भधारणेची वाट पाहण्यास आणखी काही महिने, आणि तोवर चाळीसावा वाढदिवस समोर येतो. त्या दिवशी विम्याचा हक्क संपतोच, शिवाय बीजांची संख्या व गुणवत्ता आधीच घसरलेली असते. पुरुषाची तपासणी पहिल्या महिन्यात झाली असती तर निवडीला वाव उरला असता. या विषयात उशीर हाच खरा खर्च आहे.

दुसरा भेद खासगी विम्याचा. २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोंहून अधिक वेतन असलेल्या नोकरदाराला सार्वजनिक विमा सोडता येत असे, आणि म्युनिकमधील वेतनमान पाहता अनेक पतींनी तो सोडलेला असतो. पत्नी मात्र सार्वजनिक विम्यात राहते. सार्वजनिक विमा फक्त आपल्या विमाधारकावर होणाऱ्या उपचारांपुरता पैसे देतो. खासगी विम्यात दोष कोणाच्या शरीरात आहे, यावर जबाबदारी ठरते. संघीय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये इक्सीसह आयव्हीएफ हा पुरुषाच्या वंध्यत्वावरील उपचार मानला. त्यामुळे पतीच्या खासगी विमा कंपनीवर पत्नीच्या शरीरावर होणाऱ्या उपचारांचाही भार येऊ शकतो. पतीचे निदान कागदावर स्पष्ट नसेल, तर हा हक्क मांडायचा कशाच्या आधारे? वीर्यतपासणी टाळणारा पुरुष येथे आपल्याच संसाराचे आर्थिक नुकसान करतो. अर्थात प्रत्येक करारातील अटी निराळ्या असतात. त्या आधी वाचून लेखी मंजुरी घेणे इष्ट.

सुट्टीतील शस्त्रक्रिया

डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया उरकून येण्याकडे अनेकांचा कल असतो. आपली भाषा, ओळखीचे डॉक्टर आणि लगेच मिळणारी तारीख ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मुंबई हे प्रजननवैद्यकाचे जुने केंद्रही आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. बायर्नमध्ये एर्लांगेन येथे जर्मनीचे पहिले असे बालक १९८२ मध्ये जन्मले होते. कौशल्याची उणीव दोन्हीकडे नाही.

प्रश्न सातत्याचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत धमनी व लसिकावाहिन्या वाचवता येतात, त्यामुळे व्हेरिकोसील पुन्हा उद्भवण्याचे आणि वृषणाभोवती पाणी साचण्याचे प्रमाण इतर पद्धतींपेक्षा कमी राहते. जर्मनीत शिरेत औषध सोडून ती बंद करण्याची किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने आतून रोखण्याची पद्धतही प्रचलित आहे. कोणती पद्धत वापरली, शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली झाली का, हे कागदावर नसेल तर म्युनिकमधील डॉक्टरला पुढची दिशा ठरवणे कठीण जाते. तीन आणि सहा महिन्यांनंतरच्या तपासण्या येथेच व्हायच्या असतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे किमान दोन अहवालही येथीलच असावेत, म्हणजे तुलना एकाच प्रयोगशाळेत होते.

कोण तपासणार, आणि कोण विचारणार?

जर्मनीत पुरुषप्रजननाचे शास्त्र, म्हणजे अँड्रॉलॉजी, केवळ मूत्ररोगतज्ज्ञांपुरते मर्यादित राहिले नाही. गुप्तरोगांच्या परंपरेतून ते त्वचारोग विभागांतही वाढले आणि म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठाच्या त्वचारोग चिकित्सालयातही त्याची परंपरा आहे. भारतातून आलेल्या पुरुषाला वंध्यत्वासाठी त्वचारोग विभागाचा रस्ता दाखवला जातो तेव्हा तो गोंधळतो. डॉक्टरच्या पाटीवर ‘अँड्रॉलॉजी’ ही अतिरिक्त पदवी आहे का, एवढे पाहिले तरी पुरेसे ठरते.

तरुण वयातील तपासणीची एक वाटही २०११ मध्ये बंद झाली होती. सक्तीची लष्करी सेवा २०११ मध्ये स्थगित होईपर्यंत जर्मन मुलांची सतरा-अठराव्या वर्षी वैद्यकीय तपासणी होत असे आणि अनेकांचे व्हेरिकोसील तेथेच लक्षात येई. महाराष्ट्रातही सैन्यभरतीच्या तपासणीत तात्पुरते अपात्र ठरल्यावर गावोगावच्या तरुणांना या विकाराचे नाव प्रथम कळते. अभियांत्रिकीकडे वळलेल्या मध्यमवर्गीय मुलाच्या वाट्याला अशी तपासणी येत नाही. त्याला ते कळते ते थेट पस्तिशीत.

याहून जुना अडसर भाषेचा आहे. ‘वांझ’ हा शब्द मराठीत स्त्रीसाठीच वापरला जातो. पुरुषासाठी बोलीत उरतात ते ‘नपुंसक’सारखे शब्द, जे संबंधांची असमर्थता आणि शुक्राणूंची उणीव यांची सरमिसळ करतात. व्हेरिकोसील असलेल्या पुरुषाचे पौरुष बहुधा अबाधित असते. पण योग्य शब्दाअभावी साधी वीर्यतपासणीही त्याला पौरुषाची परीक्षा वाटते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून हे विषय मराठीत उघडपणे मांडले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांतील एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, हजारो मैल दूर, सुशिक्षित मराठी घरांतील दूरध्वनीवर ‘सुनेची तपासणी झाली का’ हाच प्रश्न पहिला येतो.

इक्सीच्या शोधाने १९९२ नंतर पुरुषवंध्यत्वाचे चित्र पालटले. एकच शुक्राणू पुरेसा ठरू लागला. हे वरदान आहेच. पण त्याची दुसरी बाजू अशी की दोष पुरुषाचा असला तरी इंजेक्शने, भूल, बीजे काढण्याची प्रक्रिया आणि अपयशानंतरची पुनरावृत्ती स्त्रीच्या शरीरावर होते. काही दांपत्यांना याला पर्याय नसतो. पत्नीचे वय अधिक असेल, गर्भनलिका बंद असतील किंवा शुक्राणूंची संख्या अत्यल्प असेल, तर शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत वर्ष घालवणे चुकीचे ठरेल. परंतु पत्नी तिशीच्या आरंभी असेल, तिचे अहवाल चांगले असतील आणि पतीचे व्हेरिकोसील ठळक असेल, तर त्याच्या एका छोट्या शस्त्रक्रियेने तिच्यावरील मोठ्या उपचारांची मालिका टळण्याची वाजवी शक्यता असते. हा निर्णय दोघांनी मिळून, दोघांचेही अहवाल समोर ठेवूनच घेता येतो.

त्यासाठी लागते ती गोष्ट फारशी मोठी नाही. पत्नीची पहिली भेट ठरेल त्याच आठवड्यात पतीनेही अँड्रॉलॉजिस्टची वेळ घ्यावी, हस्ततपासणी आणि दोन वीर्यतपासण्या पूर्ण कराव्यात आणि त्यांचे कागद पत्नीच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये लावावेत. बारा महिने वाट पाहण्याचा नियमही पत्नीने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांवर आणला जातो. विमा, कायदा आणि शरीर यांची घड्याळे एकाच वेळी चालू आहेत. त्यांपैकी एकही पतीच्या संकोचासाठी थांबत नाही.